अपंगत्व क्षेत्रातील नेतृत्वाचं पदव्युत्तर शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपंगत्वाच्या क्षेत्रात नेतृत्व शिकवणाऱ्या एका आंतरविद्याशाखीय कार्यक्रमात आधी शिकले आणि आता अशाच कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. प्रवेशाच्या दिवसांत तेच ते प्रश्न येतात आणि ते रास्तच असतात, कारण या शिक्षणाच्या नावावरून त्याचा फारसा अंदाज येत नाही. उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण ती लांबायलाच हवी होती.

हे शिक्षण नेमकं कशाचं असतं?

आपापल्या विषयात पदवी घेतलेल्या माणसांना एका वर्गात बसवून अपंगत्वाकडे नव्यानं बघायला शिकवायचं आणि व्यवस्था बदलण्याच्या कामाला त्यांना तयार करायचं, असं हे शिक्षण आहे. कुठे ती स्वतंत्र एम.ए. किंवा एम.एस्सी. असते, कुठे वर्षभराचं प्रमाणपत्र, कुठे पीएच.डी. काही ठिकाणी तुम्ही तुमच्या मूळ विषयाची पदव्युत्तर पदवी घेत असता आणि तिच्या जोडीनं हे प्रशिक्षण पूर्ण करता.

याची गरज का, हे एका आकड्यावरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार जगात सुमारे 130 कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक. इतक्या माणसांचा संबंध फक्त दवाखान्याशी कसा येईल? ती शाळेत जातात, बसमध्ये चढतात, न्यायालयात साक्ष देतात, बँकेचं ॲप वापरतात, निवडणुकीत मतदान करतात. त्यामुळे असा एकही व्यवसाय नाही ज्याचा अपंगत्वाशी संबंध नाही. आपला संबंध आहे हे कित्येक व्यवसायांना कुणी शिकवलेलंच नसतं, ही खरी अडचण आहे.

मग हे फक्त डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्यासाठी नाही?

नाही. हा गैरसमज सगळ्यात घट्ट आहे, म्हणून थोडी माणसं सांगते.

रॉन मेस वास्तुविशारद होते. नऊ वर्षांचे असताना पोलिओ झाला, व्हीलचेअर आली. नॉर्थ कॅरोलिनात वास्तुकला शिकताना वर्गात पोचण्यासाठी त्यांना जिन्यांवरून उचलून न्यावं लागायचं. इमारत सुरुवातीपासूनच सगळ्यांना वापरता येईल अशी का बांधू नये, या विचाराला पुढे त्यांनी 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव दिलं. 1997 साली त्याची सात तत्त्वं मांडली गेली. आज ती वास्तुकलेतच नव्हे, तर भांड्यांच्या मुठींपासून संकेतस्थळांपर्यंत सगळीकडे लागू केली जातात.

एड रॉबर्ट्स यांना 14व्या वर्षी पोलिओ झाला. श्वासासाठी त्यांना आयर्न लंग हे यंत्र लागायचं. पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशकानं हा मुलगा कधी नोकरी करू शकणार नाही, असा शेरा मारून मदत नाकारली होती. ते 1962 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले आणि तिथे राज्यशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. 1972 साली बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' हे अपंगांनी स्वतः चालवलेलं केंद्र उभं राहिलं, त्यात ते आघाडीवर होते. 1975 साली कॅलिफोर्नियाच्या त्याच पुनर्वसन खात्याचे ते संचालक झाले.

ज्युडी ह्यूमन यांना 1970 साली न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला. आग लागली तर व्हीलचेअरवरची बाई मुलांना बाहेर कशी काढणार, असं कारण दिलं गेलं. त्यांनी खटला लढवून परवाना मिळवला. नंतर बर्कलीत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. अपंगांच्या चळवळीतले व्हिक फिंकेलस्टाइन मानसशास्त्र शिकलेले, इर्व्हिंग झोला समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्व हक्क समितीचं अध्यक्षपद भूषवलेल्या थेरेसिया डेगनर कायद्याच्या प्राध्यापक.

या यादीत डॉक्टर एकही नाही. डॉक्टर नकोत असं मला मुळीच म्हणायचं नाही, मी स्वतः दवाखान्यातूनच आले. पण इंजिनिअर, वकील, पत्रकार, अर्थतज्ज्ञ, नगररचनाकार, ग्रंथपाल असं कुणी विचारायला आलं आणि 'आमचं इथे काय काम?' म्हणालं, तर मी त्यांना आधी बसवून घेते.

'आंतरविद्याशाखीय' म्हणजे काय? वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र आले की झालं ना?

तेवढ्यानं होत नाही. हे मला पुस्तकातून नाही, एका बैठकीत कळलं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलासाठी आम्ही चौघं जमलो होतो. मी पायांचे व्यायाम दिले होते, ऑक्युपेशनल थेरपिस्टनं हातांचे, स्पीच थेरपिस्टनं बोलण्याचे, विशेष शिक्षिकेनं अक्षरओळखीचे. प्रत्येकाचा आग्रह होता की घरी रोज एवढं तरी कराच. मुलाच्या आईनं वहीचा एक कागद पुढे ठेवला. आमच्या सगळ्यांच्या सूचनांची मिनिटं तिनं एकाखाली एक लिहून बेरीज केली होती. तीन तास चाळीस मिनिटं. त्याखाली एकच ओळ: 'खेळायचं कधी?'

आमच्यापैकी प्रत्येकाचा सल्ला आपापल्या जागी बरोबर होता. बेरीज मात्र आमच्यातल्या कुणीच केली नव्हती. चार तज्ज्ञ शेजारी शेजारी काम करत होते, एवढंच. याला बहुविद्याशाखीय काम म्हणतात: प्रत्येकाचा वेगळा अहवाल आणि सगळे अहवाल एका फाइलमध्ये. आंतरविद्याशाखीय कामात उद्दिष्टच मिळून ठरवायचं असतं आणि ते ठरवताना ज्याचं आयुष्य आहे तो माणूस किंवा त्याचं कुटुंब बरोबर असावं लागतं. आम्ही आईला विचारलं, तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय? ती म्हणाली, त्यानं सगळ्यांबरोबर जेवायला बसावं. मग बसण्याचा आधार मी पाहिला, चमच्याची पकड दुसरीनं, 'अजून हवं' कसं सांगायचं ते तिसरीनं. वेगळे व्यायाम बरेचसे गळून पडले. रोजचं जेवण होणारच होतं, त्यातच ते सामावले.

याच्याही पुढची पायरी असते. तिथे एकच व्यक्ती कुटुंबाच्या संपर्कात राहते आणि बाकीचे आपलं ज्ञान तिच्या हाती देतात. त्याला पारविद्याशाखीय पद्धत म्हणतात. आपलं कौशल्य दुसऱ्याच्या हाती सोपवणं ऐकायला सोपं वाटतं. वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य असं सोपवताना काय वाटतं, ते सोपवून पाहिल्याशिवाय कळत नाही. चांगल्या कार्यक्रमात याचा सराव करून घेतात आणि त्यात होणाऱ्या भांडणांवरही बोलायला वेळ ठेवतात.

पण मला पुढारी व्हायचं नाही. तरी हे माझ्यासाठी आहे का?

मराठीत 'नेतृत्व' म्हटलं की व्यासपीठ, हार आणि भाषण डोळ्यांसमोर येतं. इथे तो अर्थ नाही. निर्णय जिथे होतात त्या खोलीत कोण बसलंय, कोण बसलेलं नाही आणि का नाही, हे ओळखता येणं आणि त्याबाबत काहीतरी करता येणं, हा इथला अर्थ आहे.

गॅलॉडेट विद्यापीठाचं उदाहरण मी दरवर्षी देते. बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या या वॉशिंग्टनमधल्या संस्थेला 1864 साली अब्राहम लिंकन यांच्या सहीनं पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर 124 वर्षं तिचे सगळे अध्यक्ष ऐकू येणारेच होते. मार्च 1988मध्ये पुन्हा एकदा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड जाहीर झाली. अंतिम फेरीत बहिरे उमेदवार असतानाही. विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. त्यांच्या चार मागण्या होत्या: अध्यक्ष बहिरा हवा, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा द्यावा, मंडळात बहिऱ्यांचं बहुमत हवं आणि आंदोलकांवर कारवाई नको. आठवड्याभरात चारही मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले.

त्यातली तिसरी मागणी नीट पाहा. अध्यक्ष बदलून विद्यार्थी थांबले नाहीत, अध्यक्ष कोण निवडतं तेही त्यांनी बदलायला लावलं. नेतृत्व शिकवायचं म्हणजे हा फरक शिकवायचा. प्रत्यक्षात त्यासाठी फार साध्या गोष्टी याव्या लागतात: बैठक चालवणं, अंदाजपत्रक वाचता येणं, लोकप्रतिनिधीला एका पानात मुद्दा सांगणं, सहकाऱ्याशी मतभेद झाल्यावरही काम पुढे नेणं, आपलं चुकलं तर ते चारचौघांत कबूल करणं. शांत स्वभावाची माणसं यात मागे पडतात असं मला कधी दिसलेलं नाही.

अपंगत्व अभ्यास हा विषय आणि हे शिक्षण एकच का?

सख्खी भावंडं म्हणा. अपंगत्व अभ्यास हे विचाराचं क्षेत्र आहे: अपंगत्व म्हणजे काय, समाज ते कसं घडवतो, साहित्यात, कायद्यात, इतिहासात ते कसं दिसतं. माईक ऑलिव्हर यांनी 1983 साली 'सामाजिक प्रतिमान' ही संज्ञा रूढ केली. त्यामागचा विचार असा: माणसाच्या शरीरात उणीव असेल-नसेल, पण त्याला अडवतात त्या पायऱ्या, नियम आणि पूर्वग्रह. हा विचार समजल्याशिवाय नेतृत्वाचं शिक्षण पोकळ राहतं. उलट बाजूनं, फक्त विचार समजला आणि एकही रुग्णालय, शाळा किंवा कार्यालय बदलता आलं नाही तर तेही अपुरंच. नेतृत्वाच्या कार्यक्रमात कृतीवर भर जास्त असतो.

सामाजिक प्रतिमानावर टीकाही झाली आहे. वेदना, थकवा, झिजवत जाणारा आजार यांचं काय? रॅम्प बांधून हे जात नाही. ही टीका मुख्यतः अपंग अभ्यासकांनीच, त्यातही स्त्रियांनी, केली. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्षभरात प्रत्यक्ष काय करावं लागतं?

अमेरिकेतला 'लेंड' हा कार्यक्रम उदाहरणादाखल घेऊ, कारण त्याची रचना स्पष्ट आहे. मेंदूच्या विकासाशी संबंधित अपंगत्वासाठी नेतृत्व घडवणारं हे प्रशिक्षण तिथल्या केंद्र सरकारच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या निधीवर चालतं आणि देशभर सुमारे 60 ठिकाणी ते मिळतं. दीर्घकालीन प्रशिक्षणार्थीला किमान 300 तास पूर्ण करावे लागतात. बालरोग, नर्सिंग, आहारशास्त्र, दंतवैद्यक, श्रवणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, विशेष शिक्षण, जनुकीय समुपदेशन असे विद्यार्थी एकत्र शिकतात. माता-बाल आरोग्य क्षेत्रासाठी नेतृत्वाच्या 12 क्षमता ठरवलेल्या आहेत आणि त्या तीन वर्तुळांत मांडल्या आहेत: स्वतः, इतर माणसं आणि व्यापक समाज. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःचे पूर्वग्रह न तपासता थेट समाज बदलायला निघणारे खूप भेटतात.

इतर देशांतल्या कार्यक्रमांची चौकट वेगळी असली तरी घटक बहुधा तेच: हक्क आणि कायदे, संशोधन पद्धती, धोरण, एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रकल्प किंवा प्रबंध. कायद्याच्या भागात संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार पाठ झाल्यासारखा माहीत हवा. तो 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला आणि 3 मे 2008 पासून लागू झाला. कलम 4 मधला तिसरा परिच्छेद तर प्रत्येकानं टेबलासमोर लावून ठेवावा: अपंगांविषयीचे कायदे आणि धोरणं ठरवताना सरकारांनी अपंग व्यक्तींशी, त्यांच्या संघटनांमार्फत, जवळून सल्लामसलत करावी आणि त्यांना सक्रिय सहभागी करून घ्यावं.

आकडेवारीचा भाग रुक्ष वाटून विद्यार्थी टाळतात. टाळू नका. 'तुम्ही अपंग आहात का?' असं जनगणनेत थेट विचारलं तर कित्येक जण 'नाही' म्हणतात. लाज असते, भीती असते किंवा म्हातारपणी कमी ऐकू येणं म्हणजे अपंगत्व असं वाटतच नाही. म्हणून अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या 'वॉशिंग्टन गट' या आंतरराष्ट्रीय गटानं सहा प्रश्नांचा छोटा संच तयार केला: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा एकाग्र व्हायला, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करायला, इतरांशी संवाद साधायला. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, आणि जमतच नाही. 'अपंग' हा शब्द त्यात कुठेही नाही. प्रश्न बदलला की मोजणी बदलते, आणि मोजणी बदलली की निधी कुणाला मिळणार तेही बदलतं.

मी व्यावसायिक नाही, अपंग मुलाची आई आहे. किंवा: मी स्वतः अपंग आहे, माझी पदवी या विषयातली नाही. मला प्रवेश मिळेल?

बऱ्याच ठिकाणी, हो. लेंडमध्ये 'कुटुंब' ही स्वतंत्र विद्याशाखा मानतात. अपंग मुलांचे पालक किंवा भावंडं भावी डॉक्टरांच्या बरोबरीनं प्रशिक्षणार्थी असतात. अनेक ठिकाणी अपंग व्यक्तींसाठीही तशी जागा असते, त्यात बौद्धिक अपंगत्व असलेली माणसंही येतात.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. तुम्हाला शिकायला बोलावलंय की दर आठवड्याला तुमची कहाणी सांगायला? पहिल्या महिन्यात कहाणी सांगणं ठीक. पण पूर्ण वर्षभर वर्गासमोर आपलं दुखणं उलगडायचं आणि बाकीच्यांनी टिपणं काढायची, असं होत असेल तर ते शिक्षण तुमचं नाही, त्यांचं आहे. तुम्हाला संशोधन पद्धती शिकवतात का, प्रकल्प तुमच्या नावावर असतो का, विद्यावेतन इतरांइतकंच आहे का, हे आधीच विचारा. विचारायला संकोचू नका.

अर्जात माझ्या अपंगत्वाचा उल्लेख करावा का?

तो निर्णय सर्वस्वी तुमचा. कुणीही तुम्हाला तो करायला भाग पाडू शकत नाही आणि केला म्हणून तुम्ही कमी ठरत नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. निबंधात स्वतःबद्दल लिहिणं एक, आणि शिकण्यासाठी लागणाऱ्या सोयी मागणं दुसरं. निबंधात अपंगत्वाबद्दल लिहायचं असेल तर त्यातून तुम्हाला काय दिसलं ते लिहा. 'मी संकटावर मात केली' या धाटणीचे अर्ज मी खूप वाचले आहेत आणि त्यातले बरेचसे अर्जदारानं मनापासून लिहिलेले नसतात, समितीला तेच आवडेल असं वाटून लिहिलेले असतात. एका मुलीनं लिहिलं होतं की लिफ्ट बंद असलेल्या दिवसांची तिनं दोन वर्षं नोंद ठेवली आणि ती नोंद घेऊन ती प्राचार्यांकडे गेली. मात केल्याचा शब्दही तिनं लिहिला नव्हता. तिचं नेतृत्व त्या नोंदवहीत दिसत होतं.

सोयींची मागणी प्रवेश निश्चित झाल्यावर, लवकर आणि लेखी करा. वर्गातल्या सोयी बहुतेकांना आठवतात: सांकेतिक भाषेचे दुभाषी, परीक्षेत जादा वेळ, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येतील अशी पुस्तकं. विसरल्या जातात त्या प्रत्यक्ष कामाच्या जागेवरच्या: तिथपर्यंतचा प्रवास, वापरता येणारं शौचालय, घरभेटीला गेलात तर त्या घराच्या पायऱ्या, सलग आठ तास काम न झेपणं. दुभाषी ऐन वेळी मिळत नाहीत, आठवडे आधी ठरवावे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं 24वं कलम उच्च शिक्षणातही वाजवी सोयी द्याव्यात असं सांगतं. तेव्हा या सोयी तुमचा हक्क म्हणून मागा.

आणि जो आजार किंवा अवस्था दिसत नाही, तिच्यासाठीही हे सगळं लागू आहे. मानसिक आजार, अपस्मार, शिकण्यातल्या अडचणी असलेले विद्यार्थी सर्वांत उशिरा मागणी करतात, सत्र हातातून गेल्यावर. कृपया असं करू नका.

मी अपंग नाही आणि घरातही कुणी नाही. मी हे शिकणं योग्य आहे का?

हा प्रश्न प्रामाणिक असतो. शिका. फक्त तुमची जागा ओळखून शिका. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको' ही अपंगांच्या चळवळीची घोषणा आहे. तिचा अर्थ इतरांनी दूर व्हावं असा नाही. अपंगांना वगळून ठरवू नका, असा आहे.

1977च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून अधिक अपंग कार्यकर्त्यांनी एका सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त काळ ठिय्या दिला. अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा 1973 साली झाला होता, पण त्याच्या नियमांवर सही होत नव्हती. आत औषधं, बिछाने, मदतनीस नव्हते. फोन तोडल्यावर बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण पोचवत होते. 28 एप्रिलला सही झाली. जेवण पोचवणाऱ्यांनी आंदोलनाची सूत्रं हाती घ्यायचा प्रयत्न केला नाही आणि त्यांच्याशिवाय आंदोलन इतके दिवस टिकलंही नसतं. अपंग नसलेल्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते.

कोणते शब्द वापरावेत? अपंग, दिव्यांग, विकलांग?

समोरच्या माणसाला विचारा आणि तो सांगेल तो शब्द वापरा. याहून सोपा नियम नाही.

तरी माझं मत सांगते. सरकारी कागदपत्रांत 'दिव्यांग' रूढ झाला आहे आणि पुष्कळांना तो सन्मानाचा वाटतो. पुष्कळांना तो खटकतो, कारण शरीरात दैवी काही नसतं आणि दैवी म्हटलं की हक्काचा प्रश्न भक्तीत विरघळतो. मी 'अपंग व्यक्ती' म्हणते, कारण चळवळीत मी तो शब्द अभिमानानं उच्चारलेला ऐकला आहे. 'मतिमंद' मात्र सोडून द्या, 'बौद्धिक अपंगत्व' म्हणा. 'मूकबधिर'ही बऱ्याच बहिऱ्या माणसांना नको असतो, कारण त्यांना भाषा आहे, ती हातांची आहे एवढंच. ऑटिझम असलेल्यांपैकी अनेक जण स्वतःला सरळ 'ऑटिस्टिक' म्हणवून घेणं पसंत करतात. 'व्हीलचेअरला खिळलेला' हे तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. व्हीलचेअरमुळे माणूस हिंडू शकतो.

शब्दांवर वर्गात फार वेळ जातो अशी तक्रार येते. जाऊ दे. ज्यांच्याविषयी बोलतोय ते समोर बसलेले असताना बोलायची सवय त्यातूनच लागते.

कुठे शिकता येईल?

अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठ आणि शिकागोतलं इलिनॉय विद्यापीठ या विषयात जुनी नावं आहेत. अपंगत्व अभ्यासातली अमेरिकेतली पहिली पीएच.डी. शिकागोत सुरू झाली. ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाचं केंद्र आहे, आयर्लंडमध्ये गॉलवे विद्यापीठ अपंगत्वाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी ओळखलं जातं आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउन विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. लेंडबाबत एक सूचना: त्याचं विद्यावेतन अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरतं असतं. विद्यार्थी व्हिसावर असाल तर विनावेतन सहभाग घेता येतो का, हे त्या त्या केंद्राला विचारा.

खर्चाचा विचार करताना अपंग विद्यार्थ्यांनी मदतनीस, उपकरणं आणि प्रवास यांचा हिशेब शुल्कापासून वेगळा मांडावा. शिष्यवृत्तीत हा जादा खर्च धरला जातो का, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि धरला जात असेल तरी मागितल्याशिवाय मिळत नाही.

कार्यक्रम चांगला आहे हे ओळखायचं कसं?

माहितीपत्रकात सगळे सारखेच बोलतात. मी असले प्रश्न विचारायला सांगते: शिकवणाऱ्यांत अपंग किती आहेत आणि त्यांची नेमणूक कायम आहे की व्याख्यानापुरती? गेल्या वर्षीच्या कुठल्या प्रकल्पामुळे एखाद्या संस्थेचा नियम बदलला? विद्यार्थ्यांच्या सूचनेवरून अभ्यासक्रमात काय बदललं? सोयी नाकारल्या तर दाद कुणाकडे मागायची?

शिवाय त्यांचं संकेतस्थळ फक्त कीबोर्ड वापरून उघडून बघा, माऊसला हात न लावता. अर्जाच्या फॉर्मपर्यंत पोचता आलं नाही, तर माहितीपत्रकातल्या कुठल्याच वाक्याची गरज उरत नाही. चित्रफितींत बोललेलं खाली लिहून दाखवलंय का, फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं आहेत का, तेही पाहा. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 ला 1 हवा, हे वेबसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत लिहिलेलं आहे.

प्रकल्पासाठी कसला विषय घ्यावा?

छोटा. 'अपंगांचं सबलीकरण' हा विषय होत नाही. 'अमुक रुग्णालयात बहिऱ्या गरोदर स्त्रियांना दुभाषी मिळायला किती वेळ लागतो' हा विषय आहे. 'ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराचा उतार किती आहे' हाही आहे. रॅम्पला एक फूट उंचीमागे निदान बारा फूट लांबी लागते, आणि मोजपट्टी घेऊन गेलं की किती रॅम्प फक्त दाखवण्यापुरते आहेत ते समजतं. ज्यांच्याविषयी अभ्यास करताय, त्यांना विषय ठरवतानाच विचारा. निष्कर्ष निघाल्यावर ते त्यांना समजेल अशा रूपात परत द्या: सोप्या भाषेतलं दोन पानी पत्रक, ध्वनिफीत, सांकेतिक भाषेतली चित्रफीत. हे गुणांसाठी लागत नाही. तरी करा.

पुढे काम कुठे मिळतं?

आरोग्य आणि शिक्षण खाती, विद्यापीठांतली सुलभता कार्यालयं, अपंगांच्या संघटना, कायदेविषयक सल्ला केंद्रं, सॉफ्टवेअर कंपन्यांतले सुलभता विभाग, संशोधन संस्था. बरेच जण मात्र आपल्या मूळ व्यवसायातच परततात आणि तिथे वेगळ्या पद्धतीनं काम करतात. माझ्या मते तोच सगळ्यात मोठा उपयोग. शेकडो इमारतींच्या नकाशांवर सही करणारा एक इंजिनिअर हे शिकून गेला, तर त्याच्या हातून होणारा बदल कुठल्याही परिषदेतल्या भाषणाहून मोठा असतो.

नोकरी सांभाळून जमतं का?

अर्धवेळ आणि दूरस्थ पर्याय वाढले आहेत. ज्यांना प्रवास अवघड आहे त्यांच्यासाठी ते वरदानच आहेत. फक्त प्रत्यक्ष कामाचे तास आणि सहाध्यायांबरोबरची चर्चा कुठे कमी होतेय ते बघा. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं एकट्यानं ऐकून आंतरविद्याशाखीय काम शिकता येत नाही. त्यासाठी आपलं म्हणणं खोडून काढणारं कुणीतरी समोर लागतं.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तोवर काय करू?

अपंग व्यक्तींनी स्वतः चालवलेली एखादी संघटना शोधा आणि तिच्या बैठकांना जा. अपंगांसाठी इतरांनी चालवलेली संस्था नव्हे. फरक समितीच्या यादीवरून कळेल. पहिल्या तीन-चार बैठकांत काही बोलू नका. खुर्च्या मांडा, इतिवृत्त लिहा, कुणाला घरी सोडायचं असेल तर सोडा. शक्य असेल तर सांकेतिक भाषा शिकायला लागा, स्वतःचं नाव आणि 'हळू सांगा' एवढ्यापासून. आणि एक वही ठेवा. त्या बैठकांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा निघतील त्या तारखेसह लिहून काढा. अर्जाचा निबंध लिहायला बसाल तेव्हा ती वही शेजारी ठेवा.